मान

कला महाविद्यालयाच्या वाचनालयात एक पुस्तक होतं,
वेष्टन फाटलेलं, इटालियन भाषेतलं,
बावीस वर्षांत चारदाच बाहेर गेलेलं.
चारही वेळा नोंद एकच:
लीलाधर निखारे, शिपाई, मूर्तिकाम विभाग.

बाबांना इटालियन यायचं नाही.
इंग्रजी यायचं ते प्लास्टरच्या गोणीवरचं.
पण चित्रं मागे-पुढे चाळून, खालची सालं जुळवून
त्यांनी ओरेस्ते व्हाल्दोनीचं चरित्र आपलं आपणच लावलं,
आणि जेवताना आम्हाला सांगायचे,
जणू तो तांडापेठेतच राहायचा, दोन गल्ल्या सोडून.

बाप खाणीत. दगडानं बापाचा पाय घेतला,
म्हणून पोरानं दगडाला कधी हात लावला नाही;
मेण, माती, प्लास्टर.
(हे पुस्तकात होतं की नव्हतं, देव जाणे.)
एकोणीसशे नऊ साली त्यानं
चेस्टनट विकणाऱ्या एका बाईचं डोकं केलं.
"शिंगाडे समज," बाबा म्हणायचे.
मग तेच डोकं पुन्हा.
तेरा साली कानातलं काढलं. सतरा साली कान.
लढाईत सरकारनं ब्राँझ नेलं तोफांसाठी,
त्यानंतरच्या डोक्याला ओठ नव्हते.
पंचविसात डोळे गेले.
शेवटच्या पानावर उरला एक गुळगुळीत गोळा
आणि मान,
डावीकडे, जराशी,
मागून कुणी हाक मारल्यावर वळते तेवढी.

"कमी कमी करत गेला मानूस,"
बाबा ताटातलं वरण बोटानं निपटत म्हणायचे.
आई सुताचा गठ्ठा डोक्यावरून उतरवत विचारायची,
"अन् पोट भरे का त्याचं, कमी करून?"

त्या मे महिन्यात बाबांनी इतवारीतून मेण आणलं.
कूलरमागे, ओल्या खसच्या वासात, एक डोकं उभं केलं.
ताठ. डोळ्यांसकट. पापण्यासुद्धा होत्या.
सेहेचाळीस अंश. बारा वाजता लाइन गेली.
चारला आम्ही उठलो तर
नाक ओघळलेलं, डोळे आधी भरून आलेले, मग बुजलेले,
मान डावीकडे कललेली.
मी रडायला लागले.
बाबा उकिडवे बसून पाहत राहिले.
"त्याले सोळा वर्षं लागली," म्हणाले,
"आपल्या उन्हानं एका दुपारी केलं."

तान्ह्या पोळ्याला गल्लीचा बडग्या बाबाच करायचे.
यंदा महागाईचा: गळ्यात कांद्यांची माळ,
हातात तेलाचा रिकामा डबा.
बांबू, तणस, चिंध्या,
आणि वर खळीत भिजवलेल्या रद्दीचं ते डोकं.
ना डोळे, ना मिशा.
"काऊन जी निखारेभाऊ, रंग सरला का?"
एका पोरानं कोळशानं मिशा काढल्या.
बाबांनी शर्टाच्या बाहीनं पुसल्या.

काळी गेली, पिवळी गेली, डोळे वटारून,
रस्ताभर आरोळी: घेऊन जा गे मारबत!
मध्येच आमचा बडग्या,
कुणी नावानं हाक मारल्यासारखा.
कुणी पाहिलं नाही.
तलावाशी चार मिनिटांत जळला,
डोकं आधी, धड मागून.

रात्री आई चुलीपाशी, पाठमोरी.
"कसा झालता?" बाबांनी विचारलं.
ती वळली. डावीकडे. जराशी.
"महागाई कायची? मान माही होती.
जाळाच्या आधी इचारा तरी लागते."

बाबा दोन दिवस गप्प होते.
तिसऱ्या दिवशी पुस्तक घरी आणलं, चौथ्यांदा,
आणि पहिल्यांदाच तिच्या मांडीवर ठेवलं.
तिनं पानं उलटली नाहीत, शेवटचंच उघडलं.
पिठाच्या अंगठ्यानं धरून बराच वेळ पाहिलं.
"हिच्या डोक्यावर वझं होतं."
"नाही वो. पह्यल्या पानावरही नाही."
"होतं," आई म्हणाली.
"त्यानं तेच सगळ्यात आधी काढलं."

अंगठा अजून आहे तिथं, पांढरा,
त्या बाईच्या मानेपासून बोटभर वर.